चार दिवस म्हणून पाठवलेल्या वन्सं

डॉक्टरीणबाईंनी वही दिली ती मी पिशवीत घातली आणि महिनाभर पिशवीचं तोंड उघडलं नाही.

या डॉक्टरीणबाई इथं अमेरिकेत, शिकागोजवळच्या शॉमबर्गला तीस-पस्तीस वर्षांपूर्वी आल्या. आता रिटायर झाल्यात. महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी लायब्ररीतली एक खोली मागून घेतात आणि पोरांकडं येऊन राहिलेल्या आमच्यासारख्या म्हाताऱ्या माणसांना तिथं जमवतात. चहा थर्मासात, चिवडा डब्यात. कुणाला मुलगा गाडीनं आणून सोडतो, कुणाला सून. आम्ही दहा-बारा जणं असतो, आणि मी सोडून सगळी शिकलेली. नागपूरचे एक हेडमास्तर आहेत. पुण्याच्या एक बँकेतल्या बाई आहेत. मी चौथीपर्यंत, तीही पुरती नाही.

त्या दिवशी बाईंनी सगळ्यांना एकेक वही वाटली आणि म्हणाल्या, "घरादाराचं मृत्युपत्र करतात ना, तसं हे मनाचं करायचं. जन्मभर काय शिकलात, काय जपलंत, नातवंडांनी तुमच्यातलं काय घ्यावं, ते लिहायचं. इथल्या ज्यू लोकांत ही पद्धत फार जुनी आहे. आपल्यात नाही."

"आपल्यात कशी नाही?" हेडमास्तर म्हणाले. "आपल्यात ते रोज तोंडी चालतं. कुणी ऐकत नाही म्हणून आता लिहायचं."

सगळे हसले. मीही हसले. पण माझ्या डोक्यात दुसरंच आलं. आपल्यात दहावा असतो. माणूस गेलं की दहाव्या दिवशी नदीवर पिंड ठेवतात. कावळा शिवला तर त्याचं मन शांत झालं. नाही शिवला तर त्याची काहीतरी इच्छा राहिली, ती बाकीच्यांनी ओळखायची, आणि तिथंच सगळ्यांसमोर हात जोडून म्हणायचं की आम्ही हे करू, तू काळजी करू नको. म्हणजे मेलेल्या माणसानं न लिहिलेलं वाचायचं. मला ते एकदा वाचता येत होतं आणि मी वाचलं नाही.

माझ्या नवऱ्याच्या पिंडाला कावळा शिवला नाही. माझा मुलगा सहा वर्षं धरून बसलाय की ते त्याच्यामुळं झालं. ते खरं नाही, आणि हे फक्त मला माहीत होतं. वहीत लिहायचं तर हेच होतं. म्हणून पिशवीचं तोंड उघडत नव्हते.

पुढच्या महिन्यातल्या शनिवारी सगळ्यांनी आपापलं वाचून दाखवलं. हेडमास्तरांनी अठरा पानं लिहिली होती. सत्य, शिस्त, पहाटे उठणं. बँकेतल्या बाई म्हणाल्या, "अहो, तुमची नात सातव्या पानाला झोपेल." त्यांचं स्वतःचं अर्धं पान, पण सुवाच्य. माझी पाळी आली तर मी वही मिटूनच धरली.

"काहीच नाही लिहिलं आजी?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"माझ्याजवळ द्यायसारखं काय न्हाई बाई. एकच गोष्ट हाय, ती द्यायसारखी न्हाई."

"अहो, मग तीच वाचा, आम्हाला मजा तरी येईल," हेडमास्तर म्हणाले. डॉक्टरीणबाई मात्र हसल्या नाहीत. मला म्हणाल्या, "इथं वाचायची नसली तर नका वाचू. पण लिहा."

इथल्या घरात दिवस फार मोठा. सून आणि मुलगा आठाच्या आत निघतात. नात बसनं शाळेत जाते. त्यानंतर चार वाजेपर्यंत घरात मी एकटी. फोन वाजला तर उचलत नाही, इंग्रजी असतं. हीटर चालू झाला की घरघर होते, बंद झाला की तीही नाही. रस्त्यावर माणूस दिसत नाही, गाड्या दिसतात. दुपारी पोस्टाची गाडी येते. ती चालवणारी एक जाडजूड काळी बाई आहे. मी खिडकीत असते, ती हात वर करते, मी हात वर करते. चार वाजेपर्यंत माझं बोलणं म्हणजे एवढंच. ही माझी चौथी खेप. सहा महिन्यांचा व्हिसा असतो, संपला की गावी जाते. तिथंही घरात मी एकटीच. पण तिथं निदान कुणाची तरी शेळी दारात येते.

तर अशाच एका दुपारी जेवणाच्या टेबलाशी बसले, नातीची पेन्सिल घेतली आणि लिहायला लागले. अक्षर माझं असं की एका ओळीला पाव तास.

आमचं गाव नगरकडचं. आमचे मालक मार्केटात पोती उचलायचे. मी घरी बिड्या वळायची. लग्नाला पाच वर्षं झाली असतील, मुलगा रांगत होता, तेव्हा माझी नणंद नवऱ्यानं टाकली म्हणून आमच्याकडं आली. मालकांपेक्षा धाकटी, माझ्याच वयाची. मी त्यांना वन्सं म्हणायची, त्या मला वहिनी. येताना एक ट्रंक आणि एक सूप घेऊन आल्या. सूप म्हणजे धान्य पाखडायचंच, पण आमच्याकडं बायका ते मांडीवर घेऊन त्यात बिड्या वळतात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या ते सूप घेऊन माझ्यासमोर बसल्या. तिथून वीसच्या वर वर्षं आम्ही दोघी समोरासमोर बसलो.

रात्री बिडीची पानं ओल्या गोणपाटात ठेवायची, सकाळी पत्र्याचं माप लावून कातरायची, मग तंबाखू भरायची, वळायची, दोऱ्यानं बांधायची. वन्संचा हात माझ्यापेक्षा चलाख. माझी नववी बिडी व्हायच्या आत त्यांची बारावी. कारखान्यात तपासणारा माझ्यातल्या मूठभर काढून फेकायचा, त्यांच्यातल्या कधी नाही. कारखान्यात जाताना वाटेत त्या त्यांच्या गड्ड्या माझ्यात सरकवायच्या. "वहिनी, तुमच्या बोटाला चीर पडलीय, म्हणून कमी झाल्या," म्हणायच्या. चीर असायची नाहीतर नसायची.

मुलाला हाताचा तंबाखूचा वास सहन व्हायचा नाही, शिंका यायच्या. वन्सं राखेनं हात घासून, मग चिंचेनं घासून, मग त्याला भरवायच्या. मला एवढा वेळ नव्हता. म्हणजे वेळ त्यांनाही नव्हता, पण त्या काढायच्या. तो पडला की "आत्या" म्हणून ओरडायचा. ताप आला की आत्या. शाळेतून आला की दारातून आत्या. मी समोरच बसलेली असायची. या गोष्टीचा मला राग यायचा. तो मी कधी दाखवला नाही. आज प्रथमच लिहितेय.

वाईट दिवस पुष्कळ काढले. एका साली कारखाना चार महिने बंद होता, तेव्हा आम्ही दोघी दुसऱ्यांच्या कांद्यात खुरपायला गेलो. एका भाकरीचे दोन तुकडे केले तर वन्सं लहान तुकडा उचलायच्या आणि वर म्हणायच्या, "मोठा मला जातच न्हाई, घशाची गाठ हाय." कसली गाठ आणि कसलं काय. असे दिवस माणूस काढतो, त्याचं काही नाही. मला ते सांगायचं नाही.

मुलगा शिकला, पुण्यात नोकरीला लागला, तिथून कंपनीनं अमेरिकेला पाठवला. मग लग्नाचं निघालं. पुण्याची मुलगी, आईबाप दोघं नोकरीवाले. ते आमचं घर बघायला येणार होते. मला धसका बसला. दोन खोल्या, पत्र्याचं छप्पर, हे झाकता येत नव्हतं. पण नवऱ्यानं टाकलेली बाई घरात बसलीय हे झाकता येत होतं. शिकलेली माणसं काय म्हणतील, उगाच खोदून विचारतील, यांच्यात असंच चालतं म्हणतील. मी वन्संना म्हणलं, "वन्सं, तुम्ही चार दिवस तालुक्याला जा. तिथल्या शाळेच्या होस्टेलात तुमची मावसबहीण स्वयंपाकाला हाय ना, तिच्याकडं राहा. पावणं येऊन गेलं की मी आणायला येते."

वन्संनी एक शब्द विचारला नाही. दोन लुगडी पिशवीत घातली. सूप माळ्यावर चढवलं, उंदीर लागू नये म्हणून उलटं ठेवलं. एस्टीत बसताना म्हणाल्या, "पानं भिजत घातलीत, तेवढी आज कातरून घ्या. उद्या काळी पडतील."

पाहुणे आले, चहा-पोहे झाले, पसंती कळली. चार दिवस झाले. मी म्हणलं साखरपुडा होऊ दे. साखरपुडा झाला, म्हणलं लग्न होऊ दे. लग्नाला त्या आल्या, पाहुण्यासारख्या मागच्या ओळीत बसल्या आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेल्या. तोवर होस्टेलच्या स्वयंपाकात त्यांना कामावर घेतलं होतं. गावात मी सांगितलं, वन्संना नोकरी लागली. मुलालाही तेच सांगितलं. ते खोटं नव्हतं, म्हणून बोलायला सोपं गेलं.

मालक काही बोलले नाहीत. पण जेवताना एक ताट जास्त काढायची सवय त्यांच्या हाताला होती. एक ताट घेऊन उभे राहायचे आणि परत ठेवायचे.

दोन हजार एकच्या उन्हाळ्यात ते आजारी पडले. सरकारी दवाखान्यात आठ दिवस होते. शेवटच्या दुपारी मला जवळ बोलावलं. धाप लागली होती, तरी शब्द नीट होते. "तिला घरी आण," म्हणाले. मी मान हलवली. त्यांनी डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी सकाळी गेले.

मुलाला येता आलं नाही. त्या साली इथं कंपन्या माणसं काढत होत्या. त्याचे कागद अडकलेले, वकिलानं सांगितलं होतं की आत्ता देशाबाहेर गेलास तर परत येता येईलच असं नाही. सून पोटुशी होती. फोनवर रडत होता. मी म्हणलं, "येऊ नको, आम्ही करतो सगळं."

दहाव्याला नदीवर अख्खं गाव होतं. वन्संही आल्या होत्या. बायकांच्या कडेला, डोक्यावर पदर घेऊन उभ्या. पिंड ठेवला. समोर बाभळीवर कावळे पाच-सहा, गर्दी कमी नाही. एक खाली आला, पिंडाभोवती फिरला, मान वाकडी करून बघितलं आणि उडून गेला. दुसरा आला, तोही तसाच.

माझे चुलतदीर पुढं झाले, हात जोडले. "दादा, तुझा जीव पोरात अडकलाय, येईल तो. रागावू नको." कावळा नाही. "दादा, वहिनीला आम्ही एकटं पाडणार न्हाई." नाही. "दादा, तुझी राहिलेली उधारी..." असं एकेक करत एक तास गेला. ऊन चढलं. लोक सावली बघून बसायला लागले. गुरुजी घड्याळ बघत होते.

मला माहीत होतं काय म्हणायचं. दोनच शब्द होते, "वन्सं, चला." माझ्यापासून दहा पावलांवर उभ्या होत्या. पण ते बोललं असतं तर अख्ख्या गावाला कळलं असतं की त्या आपण होऊन गेल्या नव्हत्या. मी पदराचं टोक तोंडात धरून उभी राहिले. वन्संनी एकदा माझ्याकडं बघितलं. त्यांनाही समजलं असणार. त्यांनी मान खाली घातली.

शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि त्याची चोच पिंडाला लावली. असं करतात, कावळा शिवला नाही की. लोक उठले, कपडे झटकले. जाता जाता सगळे एकच म्हणत होते, पोरासाठी थांबला होता बिचारा.

चुलतदिरांनी ते मुलाला फोनवर सांगितलं. मग फोन माझ्या हातात आला. मुलगा म्हणाला, "आई, बाबा माझ्यासाठी थांबले होते का गं?"

मी म्हणलं, "हं."

एवढं एकच अक्षर. त्याचं ओझं त्यानं सहा वर्षं वाहिलं.

पुढच्या साली त्यानं मला इथं आणलं. पितृपक्षात त्यानं ऑफिसातून रजा घेतली, घरामागच्या लाकडी डेकवर केळीच्या पानाऐवजी कागदी प्लेटमध्ये भात-वरण आणि भेंडी ठेवली आणि थंडीत उभा राहिला. पण त्या साली इथले कावळे डासांच्या कसल्याशा रोगानं पटापट मेले होते. मेलेला कावळा दिसला तर हात लावू नका, फोन करा, असं टीव्हीवर सांगत होते. आभाळ अगदी रिकामं. एक खार आली आणि भातातली भेंडी घेऊन पळाली. सून म्हणाली, "आता आत ये, रॅकून येतील." तो आला नाही. मी काचेच्या आतून त्याची पाठ बघत होते. डोक्यावर केस कमी झालेत, खांदे बापासारखे. "इथंही नाही आले," एवढंच म्हणाला आणि जेवायला बसला.

त्याच दिवशी कळलं की त्यानं गोडी शेव सोडलीय. बाजाराच्या दिवशी त्याचे वडील कागदाच्या पुडीत गुळाची गोडी शेव आणायचे, ती त्याची जीव की प्राण होती. नगरकडून येणाऱ्या कुणी ती आणून दिली तर म्हणायचा, "नको, सोडलीय." मी विचारलं, कधीपर्यंत? तर म्हणाला, "बाबांच्या पानाला कावळा शिवेपर्यंत." मी पोळी लाटत होते. लाटत राहिले.

त्याचं ग्रीन कार्ड झाल्यावर तो गावी आला, तेव्हा होस्टेलात जाऊन आत्याला भेटला. "आत्या, इथं का राहतेस? घर आहे की," म्हणाला. वन्सं म्हणाल्या, "मला इथं करमतं रे. एवढी पोरं हायेत." त्यांनी मला सांभाळून घेतलं. मीही गावी असताना त्यांना एकदा बाजारात भेटले. त्या म्हणाल्या, पोरगं बरं हाय का? मी म्हणलं, बरं हाय. दोघी कोथिंबिरीच्या ढिगापाशी उभ्या राहिलो. "घरी या" म्हणायला माझं तोंड उघडलं नाही. त्यांनी जुडी घेतली आणि गेल्या.

एवढं सगळं मी वहीत लिहिलं. पंधरा दुपारी लागल्या. शेवटी नातीसाठी काहीतरी लिहायचं होतं, कारण बाईंनी ते नातवंडांसाठी सांगितलं होतं. तर लिहिलं, "कुणाला चार दिवस जा म्हणालीस तर पाचव्या दिवशी आणायला जा." दुसरं काही सुचलं नाही.

पण नात मराठी वाचत नाही. मी बोलले की इंग्रजीत उत्तर देते. वही तिच्यासाठी असली तरी आधी तिच्या बापाच्या हातातून जाणार, हे मला लिहायला बसले तेव्हाच कळत होतं.

एका रविवारी दुपारी तो गॅरेजमध्ये बर्फ ढकलायचं यंत्र तपासत होता. मी वही नेऊन दिली. "काय गं हे? त्या डॉक्टर काकूंचं होमवर्क?" हसला. हात पुसले आणि तिथंच प्लॅस्टिकच्या बादलीवर बसून वाचायला लागला. मी आत आले. भांडी घासली, मशीन असतानाही हातानं घासली. एक तास झाला, मग गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. गाडी गेली.

संध्याकाळी आला तो माझ्याशी बोलला नाही. दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्या दिवशी नाही. ताट वाढलं की खाली मान घालून जेवायचा, स्वतःचं ताट स्वतः उचलायचा. सुनेनं विचारलं तर म्हणाला, ऑफिसचं टेन्शन आहे. पण वही तिनंही वाचली असावी, कारण चौथ्या दिवशी सकाळी कामाला निघताना ती बूट घालता घालता थांबली.

"आई, एक विचारू? आम्हाला चाललं नसतं असं तुम्हाला कोण म्हणालं होतं?"

"कुणी न्हाई."

"माझी मोठी मावशी दोनदा डिव्होर्स घेतलेली आहे. लग्नात तीच मिरवत होती, आठवते ना, हिरवी पैठणी? आम्हाला कुणी विचारलंच नाही हो."

ती गेली. मी खिडकीत बसले. पोस्टाची गाडी आली, त्या बाईनं हात वर केला. मला हात उचलायचं भानच राहिलं नाही. बिचारी वळून वळून बघत गेली.

मी गप्प बसायला भीत नाही, जन्मभर बसले. पण हे चार दिवस वन्संचे चार दिवस मला कळावेत म्हणूनच असल्यासारखे होते. कुणी आपल्याला हाक मारेल म्हणून पावलांचा कानोसा घ्यायचा आणि पावलं दारावरून पुढं जायची.

पाचव्या दिवशी, गुरुवारी, तो संध्याकाळी माझ्या खोलीत आला. खाटेच्या कडेला बसला.

"सहा वर्षं, आई."

"हं."

"हं म्हणू नकोस." आवाज चढला. मग खाली आला. "मी तुला फोनवर विचारलं होतं. डायरेक्ट विचारलं होतं."

"व्हय. मी खोटं बोलले."

"का?"

"लाज वाटली. आन तू रडत हुतास ना, तर मला वाटलं, रडून मोकळा होशील. तू धरून बसशील असं न्हाई वाटलं."

त्यानं खाली लोळणारी नातीची बाहुली उचलून खाटेवर ठेवली. मग म्हणाला, "होस्टेलचा फोन नंबर आहे?"

नंबर माझ्या डबीत होता, चिठ्ठीवर. सहा वर्षं जपून ठेवलेला, एकदाही न लावलेला. त्यानं फोन कार्ड काढलं, लांबलचक आकडे दाबले. तिकडं सकाळ होती. कुणीतरी आत्याला बोलवायला गेलं. मागं भांड्यांचे आवाज आणि पोरांचा गलका ऐकू येत होता, फोनचा आवाज त्यानं मोठा केला होता.

"आत्या, मी बोलतोय. हो, बरा आहे. नाही, काही झालं नाही. आईला बोलायचंय." फोन माझ्या हातात दिला आणि उठून गेला नाही. समोरच बसून राहिला.

"वन्सं," मी म्हणलं.

"वहिनी? काय झालं? सगळं बरं हाय ना?"

"वन्सं, मी तुम्हाला चार दिवस म्हणून पाठवलं हुतं."

पलीकडं पोरांचा गलका. मग त्या म्हणाल्या, "व्हय. दोनच लुगडी घेऊन आले हुते. तिसरं घ्यावं का, असं एस्टीत मनात आलं हुतं."

"त्यांनी मला सांगितलं हुतं, तिला घरी आण म्हणून. दवाखान्यात. दहाव्याला मला माहीत हुतं."

"मलाबी माहीत हुतं," वन्सं म्हणाल्या. "दादा मला न भेटता जाईल व्हय. तो जायच्या आदल्या दिवशी मी दवाखान्यात येऊन गेले, तुम्ही पाणी आणायला गेल्या हुत्या. मलाबी तेच म्हणाला, वहिनी न्यायला येईल, जा. मी वाट बघितली."

मुलानं माझ्या हाताखाली हात धरला, फोन पडेल म्हणून.

"वन्सं, घरी चला. मी पुढच्या आठवड्यात येतेय. एस्टी स्टँडवरून तशीच तुमच्याकडं येते, घरी न जाता."

"आन इथली ऐंशी पोरं काय हवा खातील? दिवाळीची सुट्टी लागंस्तोवर मला हालता येत न्हाई." मग म्हणाल्या, "तुम्ही इथं येऊन लगेच रडायला बसणार असला तर येऊ नका. पीठ मळायला माणूस कमी हाय, ते करणार असला तर या."

"करते."

"माझं सूप हाय का माळ्यावर?"

"हाय. उलटंच हाय. मी हात लावला न्हाई."

"न्हाई ना लावला? मग उंदरांनी खाल्लं असंल," वन्सं म्हणाल्या. आणि तिकडून कुणीतरी "मावशी, डाळ लागली" म्हणून ओरडलं, तर फोन तसाच टाकून त्या गेल्या. पाच मिनिटं आम्ही दोघं मायलेकरं होस्टेलच्या भांड्यांचा आवाज ऐकत बसलो. त्यानं फोन बंद केला नाही, मीही कर म्हणलं नाही. कार्डातले पैसे संपले तेव्हा आपोआप बंद झाला.

परवा विमान आहे. बॅगा भरल्यात. नातीनं मला एक चित्र दिलंय, काळा पक्षी आणि खाली प्लेट. बापानं तिला वहीतलं काय सांगितलं, किती सांगितलं, मला माहीत नाही. वही इथंच राहणार आहे, त्याच्या कपाटात. तो म्हणाला, मोठी झाली की मी वाचून दाखवीन. डॉक्टरीणबाईंना मी फोन करवून सांगितलं की लिहिलं, पण वाचणार नाही. त्या म्हणाल्या, बरं झालं.

काल रात्रीच्या जेवणानंतर तो ओट्यापाशी पाणी प्यायला आला. म्हणाला, "आई, माझा राग गेलेला नाही."

"नको जाऊ दे. असू दे," मी म्हणलं.

त्यानं ग्लास विसळला, उपडा ठेवला, आणि जिन्याकडं वळला. पहिल्या पायरीवरून, माझ्याकडं न बघता म्हणाला, "आत्याला विचार, बाजारात गोडी शेव अजून मिळते का."